विज्ञानवाद जगाला ‘मनातले’ म्हणतो का? वसुबंधूच्या ‘विंशतिके’च्या आधारे उत्तर

आपल्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. योगाचार किंवा विज्ञानवाद या बौद्ध संप्रदायाच्या मते सर्व काही चित्तच असेल, तर समोरचा दगड ठराविक जागीच का दिसतो आणि तो दहा जणांना सारखाच का दिसतो, हा पहिला. आत्मा नाकारणाऱ्या बौद्धांनी ‘आलयविज्ञान’ अशा नव्या नावाने आत्माच परत आणला नाही का, हा दुसरा. आणि ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्यांनी या मताचे खंडन केल्यानंतर त्यात विचार करण्याजोगे काही उरते का, हा तिसरा. शिवाय मूळ ग्रंथ वाचायचे झाल्यास सुरुवात कोठून करावी, असेही आपण विचारले आहे.

हे ग्रंथ मी बरीच वर्षे विद्यार्थ्यांबरोबर मूळ संस्कृतातून वाचत आलो आहे आणि त्या आधारावर आरंभीच माझे मत सांगतो. ‘जग माझ्या मनात आहे’ हा विज्ञानवादाचा सिद्धान्त नव्हे. एका बाजूला जाणणारा ‘मी’ आणि दुसऱ्या बाजूला जाणली जाणारी ‘वस्तू’, अशी जी फाळणी आपण प्रत्येक अनुभवात न कळत करतो, त्या फाळणीच्या दोन्ही बाजू कल्पित आहेत, असे हा संप्रदाय सांगतो. बाह्य वस्तूचे खंडन हा त्यातला पहिला टप्पा आहे. बहुतेक वाचक तेथेच थांबतात, कारण आपल्याकडे हे मत प्रतिपक्षाच्या ग्रंथांतून, पूर्वपक्ष म्हणून, म्हणजे खोडण्यासाठी मांडलेले मत म्हणून, पोहोचले. मीमांसेत कुमारिलभट्टांनी आणि वेदान्तात शंकराचार्यांनी त्याचे खंडन केले. ज्ञानेश्वरीच्या आरंभीच्या गणेशरूपकातही बौद्धमत येते ते वार्तिककारांनी मोडलेल्या दाताच्या रूपाने. खंडन वाचण्यात काही गैर नाही. मात्र त्याआधी मूळ मांडणी वाचलेली असावी, एवढाच माझा आग्रह आहे.

या संप्रदायाचे दोन प्रमुख आचार्य म्हणजे पुरुषपूरचे, म्हणजे आजच्या पेशावरचे, असंग आणि वसुबंधू हे बंधू. त्यांचा काळ इसवी सनाचे चौथे-पाचवे शतक मानला जातो. वसुबंधूने आधी ‘अभिधर्मकोश’ हा सर्वास्तिवादी या जुन्या बौद्ध परंपरेचा महाग्रंथ लिहिला आणि पुढे थोरल्या भावाच्या प्रभावाने तो महायानाकडे वळला, असे परंपरा सांगते. वसुबंधू एक की दोन, हा वाद अभ्यासकांत आहे, पण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यावर अवलंबून नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की ज्या तत्त्वज्ञानात बाह्य वस्तूंचे आणि परमाणूंचे सर्वांत बारीक वर्गीकरण झाले होते, त्यात मुरलेल्या माणसाने ही चिकित्सा केली आहे.

त्याच्या ‘विंशतिका’ या छोट्या ग्रंथात, ज्यात नावाप्रमाणे वीस नव्हे तर बावीस कारिका (श्लोक) आहेत, आपला पहिला प्रश्न जवळजवळ आपल्याच शब्दांत विचारलेला सापडतो. पहिल्या कारिकेत तो म्हणतो की हे सर्व विज्ञप्तिमात्र, म्हणजे केवळ जाणीव, आहे, कारण नसलेली वस्तू भासते, जसे तिमिर नावाचा नेत्ररोग झालेल्याला नसलेले केस दिसतात. दुसऱ्याच कारिकेत तो प्रतिपक्षाचे चार आक्षेप स्वतः मांडतो. वस्तूविनाच ज्ञान होत असेल तर ते ठराविक ठिकाणीच का होते? ठराविक वेळीच का होते? तिमिराचे केस एकट्या रोग्यालाच दिसतात, मग समोरची वस्तू तेथे असलेल्या सर्वांना का दिसते? आणि स्वप्नातल्या अन्नाने भूक भागत नाही, मग जागेपणीच्या अन्नाने ती का भागते? आपल्या मताविरुद्धचे सर्वांत बळकट आक्षेप ग्रंथाच्या तोंडाशीच मांडणारा लेखक मला नेहमीच विश्वासार्ह वाटत आला आहे.

त्याची उत्तरे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ‘जागेपण हे स्वप्नच आहे’ असे तो येथे सिद्ध करायला निघालेला नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की देश आणि काळ यांचे नियमन हे बाह्य वस्तूचे निर्णायक लक्षण आहे. वसुबंधू फक्त एवढे दाखवतो की हे लक्षण बाह्य वस्तू नसतानाही आढळते. स्वप्नातही बाग एका ठराविक जागी दिसते, सगळीकडे दिसत नाही. एका वेळी दिसते, नेहमी दिसत नाही. म्हणून त्या लक्षणावरून केलेले अनुमान व्यभिचारी ठरते. न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर हेतू साध्याला सोडून अन्यत्रही राहतो हे दाखवण्यापुरतेच स्वप्नाचे उदाहरण आहे. त्याला स्वतंत्र सिद्धी समजून वाचले की सगळी मांडणी लंगडी दिसू लागते, आणि बहुतेक आक्षेपक तसेच वाचतात.

तिसऱ्या आक्षेपासाठी, म्हणजे अनेकांना एकच गोष्ट का दिसते यासाठी, तो प्रेतांचे, म्हणजे मरणानंतर भूतयोनीत गेलेल्या जीवांचे, उदाहरण देतो. समान कर्मविपाक असलेल्या सर्व प्रेतांना पुवाने भरलेली नदी दिसते आणि दंड व तलवारी घेतलेले पुरुष तिच्यावर पहारा देताना दिसतात. तेथे पुवाची नदी नसते, तरी एकट्या प्रेताला नव्हे तर सर्वांना ती दिसते. चौथ्या आक्षेपाला तो स्वप्नदोषाचे उदाहरण देतो: संग झालेला नसतानाही शरीरावर त्याचा प्रत्यक्ष परिणाम होतो. मग तो नरकाकडे वळतो. नरकात जीवांना छळणारे नरकपाल खरे प्राणी असतील काय? तसे असतील तर त्या तापलेल्या लोखंडी भूमीचा दाह त्यांनाही सोसावा लागेल, आणि जे स्वतःच दाहाने व्याकुळ आहेत ते इतरांना काय छळणार? म्हणून नरकपाल हे नरकातल्या जीवांच्या कर्मानेच त्यांना दिसतात, असे मानावे लागते. आजच्या वाचकाला प्रेत आणि नरक पटणार नाहीत. तो युक्तिवाद बौद्ध प्रतिपक्षाशी चालला होता आणि प्रेत व नरक दोघांनाही मान्य होते. आज ही उदाहरणे सिद्धीला उपयोगी नाहीत, हे मला मान्य आहे.

परंतु याच ओघात सातव्या कारिकेत एक असा प्रश्न येतो की ज्याला नरक मानण्याची गरज नाही. बाह्यवादी बौद्ध म्हणत की जीवांच्या कर्मामुळे महाभूतेच नरकपालांचे रूप घेतात. वसुबंधू विचारतो: कर्माची वासना, म्हणजे कर्माने उमटवलेला ठसा, चित्तसंतानात, म्हणजे चित्ताच्या प्रवाहात, राहतो हे तुम्हालाही मान्य आहे. मग वासना एकीकडे आणि तिचे फळ दुसरीकडे, अशी कल्पना का करता? जेथे वासना आहे तेथेच फळ मानायला काय अडचण आहे? ज्या परंपरेत जगाची विविधता कर्मातून आली असे मानले जाते, तिला हा प्रश्न टाळता येत नाही. माझ्या मते विज्ञानवादाचा खरा उगम येथे आहे. हा विचार कर्मसिद्धान्ताला शेवटपर्यंत नेण्यातून आला, इंद्रियांवर अविश्वास दाखवण्याच्या हौसेतून आला नाही.

यानंतर अकराव्या कारिकेपासून परमाणूंची चिकित्सा सुरू होते. तेथे मी विद्यार्थ्यांना नेहमी थांबवतो, कारण आतापर्यंत वसुबंधू बचाव करत होता, आता तो स्वतः चढाई करतो. प्रश्न असा आहे की इंद्रियाला जी वस्तू दिसते म्हणता, ती कशी आहे? वैशेषिक म्हणतात तसा अवयवांहून वेगळा असा एक अवयवी (भागांची मिळून झालेली अखंड वस्तू) आहे, की सुटे परमाणू आहेत, की परमाणूंचा समूह आहे? अवयवांना सोडून वेगळा अवयवी कोठेच आढळत नाही. सुटा परमाणू कोणालाच दिसत नाही. राहिला समूह. पण समूह होण्यासाठी परमाणू एकमेकांना जोडले गेले पाहिजेत, आणि येथेच बाराव्या कारिकेचा तो प्रसिद्ध पेच येतो: ‘षट्केन युगपद्योगात् परमाणोः षडंशता’. एका परमाणूला पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर, वर आणि खाली असे सहा परमाणू एकाच वेळी चिकटले, तर त्याला सहा बाजू आल्या, म्हणजे सहा अंश आले, आणि निरवयव म्हणून ज्याची व्याख्या केली तो सावयव ठरला. हे टाळण्यासाठी सहाही परमाणू त्याच एका जागी आहेत असे म्हणाल, तर सातही एकाच बिंदूत मावले आणि पिंडाचा आकार एका परमाणूएवढाच राहिला. बुंदीच्या लाडवातल्या मधल्या बुंदीकडे पाहिले तर हा पेच डोळ्यांसमोर येतो: शेजारची प्रत्येक बुंदी तिला वेगळ्या जागी टेकलेली असते म्हणूनच लाडू वाढतो, आणि तिला वेगवेगळ्या जागा आहेत म्हणूनच ती फोडता येते.

काश्मीरच्या वैभाषिक नावाच्या बौद्धांनी यावर असे सुचवले की परमाणू एकमेकांना चिकटत नाहीत, समूह चिकटतात. वसुबंधूचे उत्तर असे की परमाणूंहून समूह वेगळा नाही असे तुम्हीच म्हणता, तर मग चिकटते ते नेमके काय? पुढे चौदाव्या कारिकेत तो सावलीचा प्रश्न काढतो. सूर्य उगवताना खांबाच्या एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला सावली पडते. परमाणूला दुसरी बाजूच नसेल तर ती सावली कोठे पडणार? आणि एक परमाणू दुसऱ्याला अडवतो तो कोणत्या भागाने? परमाणूला बाजू आहेत म्हणावे तर तो परमाणू राहत नाही, आणि बाजू नाहीत म्हणावे तर जगातली सावली व अडथळा यांचा हिशेब लागत नाही. पंधराव्या कारिकेत तो उलट टोकाची कल्पना तपासतो. सगळी पृथ्वी ही एकच अखंड वस्तू मानली, तर एक पाऊल टाकताच ती सगळी ओलांडली गेली पाहिजे, आणि हत्ती व घोडे वेगवेगळ्या जागी उभे राहू शकणार नाहीत.

या युक्तिवादाला आधुनिक भौतिकशास्त्राची जोड देण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा असे मला वाटते. प्रयोगशाळेतला अणू हा वसुबंधूचा विषय नाही. आकार असूनही अवयव नसलेली मूळ वस्तू, अशी जी तात्त्विक कल्पना आहे, तिच्यातली अंतर्गत विसंगती तो दाखवतो. काही आधुनिक अभ्यासक वसुबंधूला सौम्य करतात. त्यांच्या मते तो बाह्य वस्तू नाकारत नाही, ती ज्ञानाच्या कक्षेत येत नाही एवढेच म्हणतो. परमाणूखंडनाच्या या कारिका नीट वाचल्यावर मला ते पटत नाही. जी वस्तू एक म्हणूनही सिद्ध होत नाही आणि अनेक म्हणूनही सिद्ध होत नाही, ती ‘असेल, पण कळत नाही’ या सदरात बसत नाही.

आता दहा जणांना एकच दगड का दिसतो, याचे खरे उत्तर. ते अठराव्या कारिकेत आहे आणि प्रेतांच्या उदाहरणापेक्षा पुष्कळ वजनदार आहे. चित्तसंतान अनेक आहेत आणि ते परस्परांवर परिणाम करतात. एका संतानातली विशिष्ट विज्ञप्ती दुसऱ्या संतानातल्या विज्ञप्तीला निमित्त होते, दोघांच्या मध्ये तिसरी जड वस्तू असायलाच हवी असे नाही. म्हणजे वसुबंधू ‘मी एकटाच आहे आणि बाकी माझे स्वप्न आहे’ असे म्हणत नाही. दुसऱ्याचे चित्त तो स्वच्छपणे मान्य करतो. पुढची शंका अशी येते की बाह्य शरीरच नसेल तर मेंढी मारणाऱ्या खाटकाला पाप कशाचे? त्याचे उत्तर असे की दुसऱ्याच्या विज्ञप्तीच्या आघाताने जीवितेंद्रियाचा प्रवाह तुटतो, आणि तेच मरण. आधाराला तो दंडकारण्याची कथा घेतो. महाराष्ट्राची परंपरा ज्या दंडकारण्याशी आपले नाते सांगते, ते अरण्य ओसाड कशाने झाले, असे बुद्धाने उपाली गृहपतीला विचारले होते, आणि ऋषींच्या मनातल्या कोपाने, असे उपालीने उत्तर दिले होते. त्यावरून वसुबंधू सांगतो की काया आणि वाणी यांच्या कर्मापेक्षा मनाचे कर्म अधिक गंभीर आहे हे बुद्धवचन या मतातच नीट लागते. थोडक्यात, नीतीचा पाया ढासळू नये याची काळजी ग्रंथकाराला आहे.

इतर चित्तांचा प्रश्न मात्र पुढेही धुमसत राहिला. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने ‘संतानांतरसिद्धी’ असा स्वतंत्र ग्रंथ लिहून दुसऱ्याचे चित्त अनुमानाने सिद्ध केले, तर अकराव्या शतकात विक्रमशीला विहाराच्या रत्नकीर्तीने ‘संतानांतरदूषण’ लिहून अंतिम सत्याच्या पातळीवर ते भेद टिकत नाहीत असे दाखवले. दोघेही याच परंपरेचे. आतल्या आत एवढा प्रामाणिक वाद चालणे हे मला या संप्रदायाच्या सामर्थ्याचे लक्षण वाटते.

बाह्य वस्तू गेली, तर मग चित्त तेवढे खरे उरले काय? दहाव्या कारिकेवरच्या स्वतःच्या वृत्तीत, म्हणजे टीकेत, वसुबंधू याचे उत्तर देऊन ठेवतो: एका विज्ञप्तीने दुसऱ्या विज्ञप्तीवर लादलेले कल्पित रूप, त्या रूपाने विज्ञप्तिमात्रही निःस्वभावच आहे. ‘त्रिंशिका’ या त्याच्या दुसऱ्या ग्रंथाची सत्ताविसावी कारिका याहून स्पष्ट आहे. ‘हे सर्व विज्ञप्तिमात्र आहे’ असे म्हणत जो काहीतरी समोर ठेवून पाहतो, तो विज्ञप्तिमात्रतेत स्थिर झालेलाच नाही. पुढची कारिका सांगते की ज्ञानाला जेव्हा कोणतेच आलंबन, म्हणजे विषय, मिळत नाही तेव्हाच ते तेथे स्थिर होते, कारण ग्राह्य (जाणले जाणारे) नसेल तर ग्राहकही (जाणणाराही) उरत नाही. चित्ताला ब्रह्मासारखे अंतिम तत्त्व करून बसणाऱ्या वाचकाला या दोन कारिकांनी थांबवायला हवे.

यासाठीच हा संप्रदाय परिकल्पित, परतंत्र आणि परिनिष्पन्न असे तीन स्वभाव सांगतो. त्यांच्या कोरड्या व्याख्यांपेक्षा ‘त्रिस्वभावनिर्देश’ या अडतीस कारिकांच्या ग्रंथातले उदाहरण अधिक बोलके आहे. एक मायाकार मंत्राच्या बळावर लाकडाच्या तुकड्यावर हत्ती दाखवतो. लोकांना वाटणारा हत्ती हा परिकल्पित स्वभाव, कारण हत्ती तेथे मुळीच नाही. हत्तीचा जो आकार भासतो तो परतंत्र, कारण तो मंत्रासारख्या कारणांवर अवलंबून का होईना, पण खरोखर भासतो आहे. आणि त्या आकारात हत्तीचा अभाव आहे, हे परिनिष्पन्न. हे तीन वेगवेगळे पदार्थ नसून एकाच प्रसंगाचे तीन पैलू आहेत. भास नाकारायचा नाही, भासात घुसवलेला हत्ती नाकारायचा. ‘मध्यांतविभागा’ची पहिलीच कारिका म्हणते की अभूतपरिकल्प, म्हणजे नसलेल्याची कल्पना करणे, हे आहे, त्यात द्वैत नाही, शून्यता मात्र त्यात आहे आणि शून्यतेतही तो आहे. ‘सर्व शून्य’ एवढेच म्हणून थांबणाऱ्यांपासून योगाचारवादी स्वतःला वेगळे करतात ते या ‘आहे’मुळे, आणि चंद्रकीर्तीसारख्या माध्यमिकांनी (शून्यवादी बौद्धांनी) त्यांच्यावर सर्वांत जास्त टीका केली तीही याच ‘आहे’वर. कोणती बाजू बरोबर, हा वेगळ्या चर्चेचा विषय आहे.

आता आलयविज्ञान. जुन्या अभिधर्मात, म्हणजे बौद्धांच्या तत्त्ववर्गीकरणाच्या शास्त्रात, एक खरी अडचण होती. चित्त क्षणिक आहे, आणि निरोधसमापत्ती नावाच्या समाधीत तर सर्व चित्तव्यापार थांबतात. मग समाधीतून उठल्यावर चित्त पुन्हा सुरू होते ते कशातून? आणि आज केलेल्या कर्माचे बीज फळ मिळेपर्यंत राहते कोठे? या अडचणीवर उपाय म्हणून सहा विज्ञानांच्या (पाच इंद्रिये आणि मन यांच्या ज्ञानांच्या) तळाशी, जाणिवेला न दिसणारे आणि सर्व बीजे वागवणारे आलयविज्ञान मानले गेले. ते आणि आत्मा यांत फरक काय, हे ‘त्रिंशिका’ दोन ठिकाणी सांगते. ते ओघासारखे वाहते, म्हणजे क्षणोक्षणी नवे होते. आणि अर्हत्त्व मिळताच ते निवृत्त होते. जे प्रवाही आहे आणि जे मुक्तीच्या वेळी संपते, त्याला उपनिषदांतला आत्मा म्हणता येणार नाही. उलट आत्मा वाटण्याची चूक कशी होते हे हा संप्रदाय याच आलयावरून समजावतो. क्लिष्ट मन नावाचे सातवे विज्ञान आलयाकडे पाहून ‘हा मी’ असे धरून बसते, आणि आत्मदृष्टी, आत्ममोह, आत्ममान आणि आत्मस्नेह हे चार क्लेश त्याला सतत चिकटलेले असतात. आपली शंका बौद्धांच्या मनात आलीच नव्हती असेही नाही. ‘संधिनिर्मोचनसूत्रा’त बुद्ध म्हणतात की हे खोल आणि सूक्ष्म विज्ञान आपण अज्ञ जनांना सांगितले नाही, कारण त्यांनी त्याचाच आत्मा कल्पू नये. तरीही सामान्य साधकाच्या मनात आलय हे आत्म्याची जागा घेऊ शकते, हा माध्यमिकांचा इशारा मला योग्य वाटतो.

या संप्रदायाचे नाव योगाचार आहे, म्हणजे हे मुळात ध्यान करणाऱ्यांचे तत्त्वज्ञान आहे, हे चर्चेच्या भरात विसरले जाते. ‘संधिनिर्मोचनसूत्रा’तच मैत्रेय बोधिसत्त्व विचारतो की समाधीत दिसणारे प्रतिबिंब चित्ताहून वेगळे आहे की नाही, आणि उत्तर मिळते की वेगळे नाही, कारण ते केवळ विज्ञप्ती आहे. युक्तिवाद नंतर आले, हा अनुभव आधी होता. साधनेचा क्रमही त्याला धरूनच आहे: विज्ञप्तीचा आधार घेऊन वस्तूची अनुपलब्धी (न आढळणे), मग वस्तूच्या अनुपलब्धीचा आधार घेऊन विज्ञप्तीचीही अनुपलब्धी. शेवटी जे घडते त्याला आश्रयपरावृत्ती म्हणतात, म्हणजे चित्ताचा सबंध पायाच पालटणे. ज्याला बाह्य वस्तू नाकारून मनाची मालकी मिरवायची आहे, त्याच्या हाती या मार्गावर काहीच लागत नाही.

पुढे दिङ्नाग या बौद्ध तर्कशास्त्र्याने ‘आलंबनपरीक्षे’त हाच विचार प्रमाणशास्त्राच्या शिस्तीत मांडला. ज्ञानाचे आलंबन होण्यासाठी वस्तूने ज्ञान निर्माणही केले पाहिजे आणि ज्ञानात तिचा आकारही उमटला पाहिजे. परमाणू कदाचित ज्ञान निर्माण करतील, पण त्यांचा आकार उमटत नाही; समूहाचा आकार उमटतो, पण समूह द्रव्यतः नसल्यामुळे तो काही निर्माण करू शकत नाही. म्हणून आतलेच ज्ञेय बाहेर असल्यासारखे भासते. या दिङ्नागाचा महाराष्ट्राशी संबंध होता. सातव्या शतकात ह्युएन त्संगने महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या एका भव्य विहाराचे वर्णन केले आहे आणि दिङ्नाग तेथे अनेकदा राहत असे अशी तेथली परंपरा नोंदवली आहे. तो विहार म्हणजे अजिंठा, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. अजिंठ्याला गेलेल्या किती मराठी माणसांना हे ठाऊक असते? चित्रांइतकाच हा वारसाही आपला आहे, असे मला मनापासून वाटते. स्वतः ह्युएन त्संग नालंदेला शीलभद्राजवळ योगाचार शिकला, आणि चीनला परतल्यावर ६५९ मध्ये त्याने ‘त्रिंशिके’वरच्या भारतीय टीकांचा मोठा संग्रह चिनीत सिद्ध केला. जपानमधल्या नारा येथील कोफुकुजी आणि याकुशीजी ही मंदिरे आजही त्याच परंपरेची आहेत.

आता शंकराचार्यांचे खंडन. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातल्या दुसऱ्या पादात ‘नाभाव उपलब्धेः’ या सूत्रापासून ते येते. त्यातले तीन मुद्दे वेगळे करून पाहावेत. जागृती आणि स्वप्न यांत फरक आहे, स्वप्न बाधित होते, जागृती होत नाही, हा एक. वसुबंधूने स्वप्न हे कोणत्या कामासाठी आणले ते वर सांगितले आहे. शिवाय सतराव्या कारिकेत तो म्हणतो की स्वप्नातल्या वस्तूचा अभाव जागे न झालेल्याला कळत नाही, आणि लोकोत्तर ज्ञान होईपर्यंत आपलीही स्थिती तीच आहे. जगन्मिथ्यात्व मानणाऱ्या अद्वैत्याला हे उत्तर सहज नाकारता येईल असे मला वाटत नाही. दुसरा मुद्दा दिङ्नागाच्या ‘बाहेर असल्यासारखे’ या म्हणण्यावर आहे: बाहेर काही नसेलच तर ‘बाहेरच्यासारखे’ असे तरी कसे म्हणता? विष्णुमित्र वंध्यापुत्रासारखा दिसतो, असे कोणी म्हणत नाही. हा आक्षेप धारदार आहे, पण ज्याचा भास होतो ते कोठेतरी खरोखर असलेच पाहिजे हे तत्त्व त्याने गृहीत धरले आहे, आणि विज्ञानवादी अनादि वासनेच्या आधारावर तेच तत्त्व नाकारतो. तिसरा मुद्दा मला सर्वांत बळकट वाटतो. निळे आणि निळ्याचे ज्ञान नेहमी बरोबरच मिळतात, म्हणून ते एकच आहेत, असे धर्मकीर्तीचे म्हणणे होते. शंकराचार्य म्हणतात की बरोबर मिळण्याचे कारण अभेद नसून उपाय आणि उपेय हे नाते आहे; ज्ञान हा उपाय आहे, म्हणून त्याच्याशिवाय वस्तू मिळत नाही. नित्य साहचर्यावरून एकत्व सिद्ध होत नाही, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

मात्र या सबंध खंडनात परमाणूच्या षडंशतेला उत्तर मिळत नाही, आणि तसे ते मिळणेही कठीण होते. त्याच पादात, थोडे आधी, वैशेषिकांचे परमाणू खोडताना शंकराचार्यांनी स्वतः हाच युक्तिवाद वापरला आहे: दोन परमाणूंचा संयोग सर्वांगाने होत असेल तर आकार वाढणार नाही, आणि एका भागाने होत असेल तर परमाणू सावयव ठरेल. वसुबंधूचे सर्वांत धारदार शस्त्र त्यांनाही उपयोगी वाटले. विज्ञानवादाचे बाह्यार्थखंडन संपलेले आहे असे म्हणणाऱ्याने आधी ही जागा उघडून पाहावी.

वाचनाविषयी सांगायचे तर ‘विंशतिका’ तिच्या स्ववृत्तीसह आधी वाचावी. नुसत्या कारिका वाचू नयेत, कारण प्रतिपक्षी कोण बोलतो आहे ते वृत्तीशिवाय कळत नाही. सिल्व्हाँ लेव्ही यांनी नेपाळमधल्या हस्तलिखितांवरून ‘विंशतिका’ आणि स्थिरमतीच्या भाष्यासह ‘त्रिंशिका’ १९२५ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध केली, त्यावरच पुढच्या बहुतेक आवृत्त्या उभ्या आहेत. हस्तलिखिताचे पहिले पान हरवलेले असल्यामुळे ‘विंशतिके’चा आरंभ त्यांनी तिबेटी आणि चिनी भाषांतरांवरून पुन्हा रचला होता, म्हणून पहिल्या कारिकेच्या शब्दांवर फार मोठा युक्तिवाद उभा करू नये. त्यानंतर ‘त्रिस्वभावनिर्देश’ आणि मग ‘त्रिंशिका’ घ्यावी. ‘अभिधर्मकोशा’ची जुजबी तरी ओळख असल्याशिवाय ‘त्रिंशिके’तील चैत्तांची, म्हणजे मनोव्यापारांची, लांब यादी कंटाळवाणी वाटेल. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातले प्राध्यापक वा. वि. गोखले यांनी राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटमधून आणलेल्या छायाचित्रांवरून ‘अभिधर्मकोशा’च्या मूळ संस्कृत कारिका १९४६ मध्ये आणि असंगाच्या ‘अभिधर्मसमुच्चया’चे अंश १९४७ मध्ये संपादित केले, ते काम आजही आधाराला घेण्यासारखे आहे. शांकरभाष्याचा हा भाग सर्वांत शेवटी वाचावा, आणि वाचताना प्रत्येक आक्षेप वसुबंधूवर आहे, दिङ्नागावर आहे की धर्मकीर्तीवर, हे समासात लिहून ठेवावे.